दूध काढायचा पंप घ्यावा का? नाशिकच्या दुकानांत मिळणाऱ्या पंपांची पारख

पंप विकत घ्यायची वेळ बहुतेक घरांत सारखीच असते. बाळ पंधरा-वीस दिवसांचं झालेलं असतं. संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत ते अंगावरून सुटायला तयार नसतं. छाती पहिल्या आठवड्यासारखी भरलेली वाटत नाही, आणि घरातलं कुणीतरी बोलून जातं, "हिचं दूध पुरत नाही." दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून दोन वस्तू घरी येतात: पावडरच्या दुधाचा डबा आणि पंप. पंपाने दूध वाढेल अशी आशा असते. दहा दिवसांनी पंप कपाटात गेलेला असतो आणि डबा ओट्यावर असतो.

पंप ही वाईट वस्तू नाही, पण तिचं काम ठरलेलं आहे. आई आणि बाळ काही तास लांब असतील, किंवा बाळाला स्वतः ओढून पिता येत नसेल, तेव्हा दूध बाहेर काढून ठेवायचं. बाळंतिणी पाजणं सोडतात त्याची कारणं मात्र बहुतेकदा वेगळीच असतात. म्हणून इथे एकच कसोटी लावली आहे: पाजणं सुटण्याचं कुठलं कारण हा पंप अडवतो आणि कुठलं उलट वाढवतो. ब्रँडची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. एकाच ब्रँडमध्ये चांगलं आणि टाकाऊ अशी दोन्ही मॉडेलं निघतात, त्यामुळे प्रकारवार बोलणं जास्त उपयोगाचं.

आधी कारण ओळखा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशात सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी 63.7 टक्के बाळं फक्त आईच्या दुधावर होती, आणि जन्मानंतर तासाभरात छातीशी लावलेली बाळं 41.8 टक्केच होती. म्हणजे गाडी पहिल्याच दिवशी अडते. सिझर झालेलं असतं, बाळ दुसऱ्या खोलीत असतं, तोवर कुणी मध चाटवतं, कुणी साखरपाणी देतं. पिवळा चीक "जड पडेल" म्हणून काही घरांत आजही पिळून टाकतात. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी 5 ते 7 मिली, म्हणजे चहाचा एक चमचा एवढंच मावतं. चीकही तेवढाच येतो. तो बाळाच्या मापाचा असतो, पण बघणाऱ्याला "काहीच येत नाही" असं दिसतं. भरभरून दूध उतरतं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, सिझरनंतर कधी त्याहून थोडं उशिरा. डब्याचं दूध सुरू होतं ते बहुधा याच दोन दिवसांच्या फटीत.

"दूध पुरत नाही" हे जगभरात आया सांगतात ते सगळ्यात मोठं कारण. खरोखर कमी दूध येणाऱ्या आया असतात, पण थोड्या. थायरॉइडचा त्रास, पीसीओडी, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहून जाणं, स्तनाची आधी झालेली शस्त्रक्रिया ही त्यामागची ओळखीची कारणं. तिथे डॉक्टरच लागतात, पंप नंतर. बाकीच्या घरांत दूध असतं, खुणा चुकीच्या वाचल्या जातात.

संध्याकाळी बाळ लागोपाठ पितं, कारण त्या वेळी त्याला थोडं-थोडं आणि सारखं हवं असतं. दोन-तीन आठवड्यांच्या सुमारास, सहाव्या आठवड्याला आणि तिसऱ्या महिन्यात ही ओढ अचानक वाढते आणि तीन-चार दिवसांत ओसरते. सहा आठवड्यांच्या आसपास छाती मऊ पडते. शरीराला बाळाचा अंदाज आलेला असतो आणि नको तेवढं साठवणं थांबतं. ही मऊ छाती म्हणजे "दूध आटलं" असं समजलं जातं. तिसरी खूण सगळ्यात फसवी: अंगावर पिऊन झाल्यावर बाटली दिली आणि बाळाने तीही संपवली, म्हणजे भुकेलंच होतं! बाटलीतून दूध आपोआप गळतं. तोंडात आलेलं बाळ गिळणारच, पोट भरलेलं असलं तरी.

यापुढचं चक्र फार लवकर फिरतं. वरच्या 60 मिली दुधाने बाळ तीन-साडेतीन तास झोपतं, तेवढा वेळ स्तन भरलेले राहतात. भरलेल्या स्तनात दूध तयार होण्याचा वेग मंदावतो, रिकामा होत राहिलेल्या स्तनात वाढतो. दोन-तीन आठवडे असं चाललं की दूध खरोखरच कमी होतं, आणि "बघा, म्हटलं होतं ना" हे खरं ठरतं. यात बाळंतिणीचा काडीचाही दोष नसतो.

म्हणून पंपावर हजारो घालवण्याआधी दोन गोष्टी फुकटात तपासा. पहिली, लंगोट. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची शू, आणि पहिल्या महिन्यात रोज तीन-चार वेळा पिवळी शी. दुसरी, वजन. पहिल्या काही दिवसांत जन्माच्या वजनापैकी 7 ते 10 टक्क्यांपर्यंत घट चालते. दहा ते चौदा दिवसांत वजन मूळ आकड्यावर यायला हवं, आणि पुढे पहिले तीन महिने रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढ. वजन एकाच काट्यावर आणि कपडे काढून करा, नाहीतर दोन काट्यांतला फरकच घरात भांडण लावतो. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येणं अपेक्षित असतं, आणि वजन हे त्या भेटीतलं काम आहे. वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. वजन खरंच वाढत नसेल तर त्याच दिवशी बाळाच्या डॉक्टरांकडे जा.

दुखतंय म्हणून पंप

पाजणं सुटण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे दुखणं. निपलला चिरा पडतात, रक्त येतं, प्रत्येक वेळी बाळ लावताना बाळंतीण पाय आवळून बसते. अशा वेळी "दोन दिवस पंपाने काढून देते, जरा आराम पडेल" हा विचार अगदी समजण्यासारखा आहे. पण चीर पडते ती बाळाची पकड उथळ असल्यामुळे, आणि पंपाने पकड सुधारत नाही.

बाळाने नुसतं निपल तोंडात घेतलं तर ते जीभ आणि पुढची कडक टाळू यांच्यात चेपलं जातं. बाळाने सोडल्यावर निपलकडे नीट बघा. ते गोल असेल तर पकड बरोबर आहे. एका बाजूने चपटं, बोरूच्या टोकासारखं तिरकं दिसलं किंवा टोकाशी पांढरी रेघ दिसली तर बाळ फक्त टोकावर पितंय. निपल मागच्या मऊ टाळूपर्यंत पोहोचलं तरच दुखणं थांबतं, आणि दूधही जास्त उतरतं.

त्यासाठी उजव्या स्तनावर पाजायचं असेल तर बाळ डाव्या हातावर घ्या, अंगठा आणि बोटं त्याच्या कानांमागे मानेला आधार देतील अशी, आणि स्तन उजव्या हाताने धरा. बाळाचं नाक निपलसमोर येऊ द्या, तोंड नाही. निपल वरच्या ओठाला टेकवून थांबा. बाळाने जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं की हनुवटी आधी स्तनात रुतेल असं त्याला झटकन जवळ आणा. स्तन बाळाकडे नेऊ नका, बाळ स्तनाकडे आणा. बरोबर लागलं की चार गोष्टी दिसतात: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि निपलभोवतीचा काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त आणि खाली कमी. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे आरोग्यविषयक व्हिडिओ मराठीत आहेत. आईच्या मोबाइलवर ते आधी, पंपाची खरेदी नंतर.

पकड सुधारूनही दुखत असेल, आतून सुया टोचल्यासारखं होत असेल किंवा बाळाची जीभ खालच्या ओठापुढे येत नसेल तर दाखवायलाच हवं. निपल आत वळलेलं असेल तर 10 किंवा 20 मिलीच्या नव्या सिरिंजचा सुई बसते तो भाग कापायचा, दट्ट्या काढून कापलेल्या बाजूने आत घालायचा आणि मूळची गुळगुळीत कड छातीला लावायची. दट्ट्या हळू ओढून अर्धा-एक मिनिट धरायचा आणि लगेच बाळ लावायचं. कापलेली कड कधीही अंगाला लावू नका. महागड्या साधनांपेक्षा ही युक्ती जास्त कामाची आहे.

आता पंप, एकेक करून

सगळ्यात स्वस्त तो लाल रबरी फुग्याचा, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीचा. शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. घेऊ नका. दूध फुग्यात जातं, फुगा आतून साफ होत नाही आणि ओढ किती बसेल यावर ताबा राहत नाही. त्याने काढलेलं दूध बाळाला देण्यासारखं नसतं.

हाताने दाबायचा पंप (साधारण 500 ते 1500 रुपये) हा बहुतेक घरांसाठी पुरेसा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. कधीतरी लग्नाला जायचंय, छाती दगडासारखी झाली आहे, आठवड्यातून दोन-तीन वेळा दूध काढायचंय, यासाठी याच्यापुढे जायची गरज नाही. सुरुवातीला छोटे आणि भरभर दाब द्या, पान्हा फुटून धार लागली की लांब आणि सावकाश. एका बाजूला दहा ते पंधरा मिनिटं. बिघडतं ते दोन जागी: दांड्याखालची सिलिकॉनची चकती नीट बसली नाही की ओढच लागत नाही, आणि खालचा व्हॉल्व्ह, म्हणजे दूध बाटलीत सोडणारी छोटी झडप. रोज पाच-सहा वेळा वापरायचा असेल तर हा पंप नको. बाळाला उचलून आधीच दुखणाऱ्या अंगठ्याकडच्या मनगटावर सगळा भार येतो.

एका बाजूचा इलेक्ट्रिक पंप (साधारण 1500 ते 4000 रुपये) बाळंतविड्यात आता हमखास दिसतो, आणि तक्रारीही याच्याच जास्त येतात. "ओढ नाही", "दूधच येत नाही", "दुखतं". यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ दोन छोट्या भागांत असतं.

पहिला, फनेल. छातीला लागणाऱ्या या तोटीच्या बोगद्याचा व्यास महत्त्वाचा. खोक्यात बहुधा 24 मिमीचा, कधी सोबत 28 मिमीचा फनेल येतो. अंदाजासाठी, दहा रुपयांचं नाणं 27 मिमीचं असतं. अनेक आयांचं निपल बुडाशी 15 ते 18 मिमीच भरतं. फुटपट्टीने निपलच्या बुडाचा व्यास मोजा, काळा भाग मोजू नका, आणि त्यात 0 ते 3 मिमी मिळवा. फनेल मोठा झाला की काळा भागही बोगद्यात ओढला जातो, सुजतो, दुधाच्या नळ्या दाबल्या जातात आणि दूध कमी येतं. लहान झाला तर निपल कडेला घासून पांढरं पडतं. बरोबर मापात निपल मधोमध मोकळं मागे-पुढे होतं. फनेलच्या आत बसवायच्या 17, 19, 21 मिमीच्या सिलिकॉनच्या चकत्या वेगळ्या मिळतात. दुकानात नसतील तर मागवून द्यायला सांगा. त्या मिळेपर्यंत पंप बदलायची घाई करू नका.

दुसरा, व्हॉल्व्ह. बदकाच्या चोचीसारखा दिसणारा हा पांढरा सिलिकॉनचा तुकडा फनेलच्या खाली बसतो. त्याच्या टोकाला एक बारीक चीर असते. मोटर ओढते तेव्हा चीर घट्ट मिटते, सोडते तेव्हा उघडून दूध बाटलीत पडतं. सगळी ओढ त्या चिरेवर अवलंबून असते. ती थोडी जरी उघडी राहिली तर मोटर गुरगुरत राहते आणि छातीवर काहीच जाणवत नाही. रोज चार-पाच वेळा वापर असेल तर चीर एक-दोन महिन्यांत सैल पडते. बाटलीच्या ब्रशने घासली तर पहिल्याच आठवड्यात फाटते. व्हॉल्व्ह बोटांनीच धुवा, दोन्ही बाजूंनी अलगद दाबून चिरेतून पाणी जाऊ द्या. उजेडाकडे धरून चीर मिटलेली आहे का बघा. बोअरच्या जड पाण्यात भाग रोज उकळले की चिरेवर पांढरा थर चढतो आणि ती नीट मिटत नाही, म्हणून उकळायला फिल्टरचं पाणी घ्या. आधी साबणाने धुवा, मग पाच मिनिटं उकळा. मोटरची नळी मात्र धुवायची नाही. तिच्यात वाफ दिसली तर बाटली काढून पंप नुसता दोन मिनिटं चालवा, वाळते. नळीत दूध गेलं असेल तर ती बदलावी लागते, आणि ते मोटरपर्यंत पोहोचलं असेल तर तो पंप बाळासाठी वापरू नये. म्हणून घेताना दूध मागे जाऊ न देणारा, बंद रचनेचा पंपच घ्या. जावेचा किंवा मैत्रिणीचा जुना पंप घेण्यात धोका आहे तो याचमुळे.

ओढीचा आकडा वाढवला की दूध वाढतं हाही एक गैरसमज. दुखायला लागलं की पान्हा थांबतो. ओढ हळूहळू वाढवा, किंचित टोचेल तिथून एक पायरी खाली या आणि तिथेच राहा. पहिली दोन मिनिटं हलकी आणि जलद गती, धार लागली की सावकाश. छाती इतकी कडक असेल की फनेल चिकटतच नाही, तर आधी निपलभोवती बोटं टेकवून छातीच्या दिशेने मिनिटभर दाबून धरा. सूज मागे सरकते आणि काळा भाग मऊ पडतो.

दोन्ही बाजूंचा इलेक्ट्रिक पंप महाग आहे, पण खऱ्या गरजेला तोच उपयोगी. बाळ अपुऱ्या दिवसांचं आणि काचेच्या पेटीत असेल, तर पहिल्या सहा तासांत दूध काढायला सुरुवात करावी आणि दिवस-रात्र मिळून आठ वेळा किंवा जास्त काढावं, रात्री एकदा तरी. एका बाजूच्या पंपाला यात प्रत्येक वेळी चाळीस मिनिटं जातात, दोन बाजूंच्याला पंधरा ते वीस. अशा आयांसाठी रुग्णालयात वापरतात तसा भारी पंप महिन्याच्या भाड्याने मिळतो का ते बाळाच्या दवाखान्यातच विचारा. भाड्याच्या पंपात मोटर सगळ्यांची असते. फनेल, व्हॉल्व्ह, नळी मात्र प्रत्येकीची नवी हवी. पहिले दोन-तीन दिवस तरी पंप नकोच. चीक घट्ट असतो, थेंब-थेंब येतो आणि सगळा प्लॅस्टिकला चिकटून वाया जातो. तो हाताने काढून चमच्यात धरायचा.

ब्राच्या आत बसणारा, वायर नसलेला पंप कॉलेज रोडवरच्या मुलींना आवडतो, आणि कारण कळतं: काम करता करता दूध निघतं. पण निपल बोगद्यात मधोमध आहे का ते लावल्यावर दिसत नाही, पुढे वाकलं की दूध सांडतं. दूध नुकतं बसत असताना, म्हणजे पहिल्या सहा आठवड्यांत, फक्त याच्यावर अवलंबून राहू नका. दुसरा पंप म्हणून ठीक.

एका बाजूला पाजताना दुसऱ्या बाजूला चिकटवायचा सिलिकॉनचा भांड्यासारखा पंप स्वस्त आहे, गळणारं दूध वाचवतो. रोज, प्रत्येक वेळी लावू नका. शरीर ते दूध जुळ्याच्या वाट्याचं समजून तयार करत राहतं, छाती सतत ठणकते आणि गाठी धरतात. गाठ धरली की पंपाने "रिकामं" करत बसणं, जोरजोरात चोळणं, गरम शेक देत राहणं यांनी सूज वाढते. बाळाला नेहमीसारखं पाजा, थंड शेक द्या. ताप आणि लाली एका दिवसात उतरली नाही तर डॉक्टरांकडे जा.

पंपाशिवाय

दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागेत डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), थिनिंगला (मणी विरळ करणं) जाणाऱ्या बायकांना पंपाचा उपयोग नाही. तिथे वीज नाही, धुवायला चांगलं पाणी नाही. हाताने दूध काढणं ही शिकायची गोष्ट आहे, आणि शहरातल्या बाईलाही ती यायला हवी. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा (बागेत फवारणी झालेली असेल तर दोनदा, आणि ओढणी किंवा पदर बदला). अंगठा वर आणि दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला, निपलपासून दोन-तीन सेंटीमीटर मागे. आधी छातीच्या दिशेने मागे दाबा, मग बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. कातडीवरून बोटं घसरवू नका आणि निपल पिळू नका. पहिल्या मिनिटाला काहीच येत नाही, मग थेंब, मग धार. एका बाजूला चार-पाच मिनिटं, मग दुसरी, पुन्हा पहिली. एकूण वीस ते तीस मिनिटं.

किती निघायला हवं, याची धास्ती फार असते. बाळाला पाजल्यानंतर काढलं तर दोन्ही बाजूंचं मिळून 15 ते 60 मिली हे नेहमीचं आहे. बाटलीत 30 मिली दिसलं म्हणून छातीत तेवढंच आहे असं नाही. बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं. पंपाच्या बाटलीवरचे आकडे बघून पाजणं सोडलेल्या आया खूप आहेत, आणि त्याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

कामावर परतताना

पंपाची खरी परीक्षा इथे. कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि परतल्यावर मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय करायची जबाबदारी मालकाची. सातपूर-अंबडच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाणारी असो की पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणारी, रजेचा अर्ज देतानाच या दोन सुट्ट्या लेखी मागून घ्या. दूध काढायला खोली कुठली हेही तेव्हाच विचारा. शौचालयात बसून काढलेलं दूध बाळाला कुणी का द्यावं?

हिशेब सोपा आहे. एक ते सहा महिन्यांचं बाळ चोवीस तासांत सरासरी 750 ते 800 मिली पितं, म्हणजे बाहेर असलेल्या प्रत्येक तासाला साधारण 30 मिली. दहा तास बाहेर, तर 300 मिली. कामावर दर तीन तासांनी काढा. एकही वेळ चुकवत गेलात तर महिनाभरात दूध कमी होतं. कामावर जायच्या दोन आठवडे आधीपासून रोज सकाळी, पहिल्या पाजण्यानंतर एकदा काढायला लागा. तीन-चार दिवसांचा साठा पुरतो, फ्रीजर भरायची गरज नाही.

साठवण्यात नाशिकच्या उन्हाळ्याने फसवू नये. 25 अंशांपर्यंत दूध बाहेर चार तास टिकतं. एप्रिल-मेमध्ये घरातलं तापमान याहून खूप वर असतं, तेव्हा काढलं की लगेच फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये 4 अंशांवर चार दिवस, पण मागच्या बाजूला, दारात नाही. वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये सहा महिने, एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडेच. गोठलेल्या बर्फाच्या पाकिटांसह थंड पिशवीत चोवीस तास. बर्फ झालेलं दूध फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवा आणि वितळल्यापासून चोवीस तासांत संपवा. कोमट पाण्याच्या वाटीत ठेवून गरम करा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. वर साय तरंगली म्हणजे नासलं नाही, भांडं हळू फिरवा, एकजीव होतं. बाळाने अर्धं पिऊन सोडलेलं दूध दोन तासांच्या आत संपवा, नाहीतर टाका.

आणि पंपासोबत फुकट आलेली बाटली लगेच बाहेर काढू नका. वाटी-चमच्याने किंवा आजीच्या ट्रंकेत सापडणाऱ्या चांदीच्या बोंडल्याने दूध पाजलं तर बाळाला बाटलीच्या आयत्या धारेची सवय लागत नाही, आणि संध्याकाळी आई घरी आल्यावर ते अंगावर नीट पितं. निपल शील्ड (निपलवर बसवायची सिलिकॉनची पातळ टोपी), दूध वाढवणाऱ्या भुकट्या आणि चॉकलेटच्या चवीची ग्रॅन्यूल यांच्यावर फार शब्द घालवत नाही. शील्ड तज्ज्ञाच्या सांगण्यावरून तात्पुरती लागते, बाकीच्यांनी दूध वाढतं याचा भक्कम पुरावा नाही. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू जरूर खा, त्यात अन्न आहे. पण बाळाला छातीला न लावता लाडूंनी दूध वाढणार नाही.

दुकानात पैसे देण्याआधी

खोकं उघडून दाखवायला सांगा. स्वच्छतेच्या कारणाने पंप वापरल्यावर परत घेत नाहीत, आणि वॉरंटी असते ती मोटरची. व्हॉल्व्ह, फनेल, नळी तिच्यात धरत नाहीत. त्यामुळे सुटे व्हॉल्व्ह मिळतात का हे आधीच विचारा. मेन रोडवर खोक्यासोबत मिळाले नाहीत तर गोळे कॉलनीत औषधांच्या घाऊक बाजारात चौकशी करा. सुटा व्हॉल्व्ह मिळतच नसेल तर तो पंप कितीही स्वस्त असला तरी सोडा, कारण दोन महिन्यांनी तो बंदच पडणार. फनेलची कुठली मापं आहेत ते बघा. फनेल कोरड्या गालाला टेकवून मोटर चालवा, ओढ पकडते आणि सोडते का ते लगेच कळतं. चार्जिंगवर किती वेळ चालतो ते विचारा, वीज गेली की नेमकं दूध काढायची वेळ येते. आणि घरातल्या पुरुषाला एकट्याला पाठवलं असेल, तर त्याच्या खिशात दोन आकडे लिहून द्या: निपलचं माप मिलिमीटरमध्ये, आणि बाळाचं या आठवड्याचं वजन. दुसरा आकडा चांगला असेल आणि कामावर परतायला अजून वेळ असेल तर त्याने पंप न घेताच घरी यावं.